खुलासा : पाण्याच्या पातळ थरावरच्या लाटा वाऱ्याने उठत नाहीत

उतारावरून ओघळणाऱ्या पाण्याच्या पातळ थरावर लाटा उठतात त्या वाऱ्यामुळे किंवा पृष्ठभागाच्या खडबडीतपणामुळे, असा दावा फिरतो आहे. तो चुकीचा आहे. पाणी ओघळते ती काच गुळगुळीत आणि हवा स्थिर असली तरी लाटा उठतात.

खरे कारण जडत्व. थर जरा जाड झाला की तिथला प्रवाह वेगावतो. पण जडत्वामुळे हा बदल किंचित उशिरा होतो आणि उंचवट्यात आणखी द्रव साचतो. गुरुत्वाकर्षणाचा उताराला लंब असलेला घटक तो उंचवटा सपाट करू पाहतो. बेंजामिन (1957) आणि यी (1963) या संशोधकांनी मर्यादा काढली : सरासरी वेगावर आधारित रेनॉल्ड्स अंक (प्रवाहातील जडत्व आणि चिकटपणा यांचे गुणोत्तर) उताराच्या कोनाच्या कोटॅन्जन्टच्या 5/6 पटींहून जास्त झाला की थर अस्थिर. उभ्या भिंतीवर ही मर्यादा शून्यच! पृष्ठताण लांब लाटांना रोखू शकत नाही, फक्त आखूड लाटा दाबतो.