खुलासा : ‘गिटहब अंधांना वापरता येत नाही’ हे खरे नाही

ओपन सोर्स (कोड सर्वांसाठी खुला असलेल्या) प्रकल्पासाठी बग ट्रॅकर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका नोंदवण्याची प्रणाली, निवडताना एक विधान हमखास पुढे येते: गिटहब ही कोड ठेवण्याची आणि बग नोंदवण्याची वेबसाइट स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर) चालत नाही, म्हणून अंध सहकाऱ्यांनी बग ईमेलनेच कळवावेत. हे चुकीचे आहे. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध प्रोग्रामरने सुरू केला. त्याचे बग आधी ट्रॅक (Trac) या दुसऱ्या बग ट्रॅकरमध्ये नोंदवले जात. आता ते गिटहबवर आहेत आणि अंध वापरकर्ते तिथे स्वतः नोंदी करतात. ईमेलची वेगळी वाट मला तरी अन्यायाची वाटते, कारण निर्णयाची चर्चा ट्रॅकरवर होते आणि त्यातून ही माणसे बाहेर राहतात.

अडचणी आहेतच. गिटहबवरचे एका अक्षराचे कीबोर्ड शॉर्टकट स्क्रीन रीडरच्या कळांशी भिडतात. गिटहबच्या सेटिंग्जमध्ये ते बंद करता येतात. मात्र खाते उघडताना फक्त चित्राचा कॅप्चा (वापरकर्ता माणूसच आहे हे तपासणारे कोडे) असेल, किंवा बगचे कार्ड एका रकान्यातून दुसऱ्यात माउसनेच ओढावे लागत असेल, तर कुठलाही ट्रॅकर अडतो. म्हणून ट्रॅकर पक्का करण्याआधी नवे खाते उघडण्यापासून बग बंद करण्यापर्यंतचे सगळे काम स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या सहकाऱ्याकडून करून पाहावे.