लिंकन गावाची उलटी गोष्ट

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या लिंकन या छोट्या गावाची गोष्ट सर्रास अशी सांगितली जाते: ओसाड माळावर शेतकरी आले, त्यांचं गाव वाढलं, म्हणून तिथे रेल्वे आली, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या स्मरणार्थ गावाला त्यांचं नाव दिलं. यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि मला ते मनापासून खटकतं.

माळ ओसाड नव्हताच. मध्य इलिनॉयमधला हा मुलूख किकापू या मूळनिवासी लोकांचा होता. 1819 च्या एडवर्ड्सव्हिल तहाने तो त्यांच्या हातून गेला. लिंकनजवळून वाहणाऱ्या ओढ्याला आजही किकापू क्रीकच म्हणतात.

'गाव वाढलं म्हणून रेल्वे आली' हे तर साफ उलटं आहे. 1853 मध्ये स्प्रिंगफील्डहून ब्लूमिंग्टनकडे रूळ टाकण्याचं काम चालू होतं. मार्ग कुठून जाणार हे ओळखून रॉबर्ट लेथम, जॉन गिलेट आणि व्हर्जिल हिकॉक्स या तिघांनी गावासाठी जागा धरली. पुरावा नकाशातच आहे. त्या भागातले रस्ते सरकारी मोजणीनुसार सरळ उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जातात. लिंकनच्या जुन्या बाजारपेठेतले रस्ते मात्र तिरपे आहेत, कारण ते रुळांना धरून आखले गेले.

रेल्वे वाढत्या गावाला शोधत आली असती, तर मान जवळच्या पोस्टव्हिल गावाला मिळाला असता. ते 1835 पासून वसलेलं होतं आणि 1839 ते 1848 या काळात लोगन काउंटीची, म्हणजे या जिल्ह्याची, कोर्टकचेरी तिथेच होती. नंतर ती माउंट पुलास्कीला गेली. रूळ पोस्टव्हिलपासून जेमतेम मैलभर अंतरावरून गेले आणि कचेरी रुळांमागोमाग नव्या गावात आली. पुढे पोस्टव्हिल लिंकनमध्येच विरून गेलं. कुणीतरी घाम गाळून उभं केलेलं गाव असं मागे पडलं, आणि नेमकी तीच गोष्ट सांगायची राहून जाते.

शेतकऱ्यांचा वाटा मी नाकारत नाही. गिलेट स्वतः गुरांचे मोठे व्यापारी होते. मका आणि गुरं बाजारात पाठवायला जवळ स्टेशन मिळालं, म्हणून गाव टिकलं आणि भरभराटलं.

राहिलं नाव. प्लॉट विक्रीला निघाले 27 ऑगस्ट 1853 रोजी. तेव्हा लिंकन हे स्प्रिंगफील्डचे एक वकील होते, अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, एकच मुदत काढून परतलेले. गावाची कागदपत्रं त्यांनीच करून दिली होती, म्हणून मालकांनी त्यांचं नाव दिलं. विक्रीच्या दिवशी त्यांनी कलिंगड फोडून त्याच्या रसाने गावाचं बारसं केलं, असं तिथे आजही सांगतात. राष्ट्राध्यक्षपदी ते निवडून आले 1860 मध्ये. 3 मे 1865 रोजी त्यांचं पार्थिव याच रुळांवरून स्प्रिंगफील्डला गेलं, तेव्हा हे गाव जवळजवळ बारा वर्षं त्यांच्या नावाने नांदत होतं.