सोलर पॅनलमधून विषारी वायू गळतो म्हणे!

निफाडच्या मामांनी छतावर पॅनल बसवायचं ठरवलं, सूर्यघर योजनेचा अर्ज भरला, आणि परवा फोन: "नको रे बाबा, ग्रुपवर काय आलंय बघ." आलंय ते असं: पॅनल सिलेन आणि फॉस्फिन या विषारी वायूंनी बनतात, गारपिटीत काच तडकली की वायू सुटून झोपेतच माणसं दगावतात, पॅनलवरचं पाणी शेततळ्यात गेलं की द्राक्षबाग संपली, शिवाय रेडिएशन. खाली 'जनहितार्थ'.

सिलेन वापरतात, खरंय. हवा लागताच तो पेट घेऊ शकतो, हेही खरं. पण ही भीती कारखान्यातल्या कामगाराची. पॅनलमध्ये वीज बनवणाऱ्या सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात, त्यांना सेल म्हणतात. सिलेन आणि अमोनिया यांच्यापासून सेलवर सिलिकॉन नायट्राइडचा निळसर थर बसतो. थर बसला, सिलेन संपला. भाकरी निखाऱ्यावर भाजली म्हणून ताटात निखारे येतात का?

आता फॉस्फिन. नेहमीच्या सेलमध्ये फॉस्फरस घालायला बहुतेक ठिकाणी फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड या द्रवाची वाफ ८०० अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत सोडतात. काही कारखाने फॉस्फिन वापरतात, वापरोत. फॉस्फरसचे अणू सिलिकॉनच्या स्फटिकात पक्के बसतात. अख्ख्या पॅनलमध्ये ते भरतील काही मिलिग्रॅम, आणि त्यांचा पुन्हा वायू होत नाही. खरा फॉस्फिन हवाय? मामांच्याच माजघरात, गव्हाच्या कोठीत आहे. किडीसाठी टाकलेल्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना दमट हवा लागली की फॉस्फिनच सुटतो, ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम. या गोळ्यांच्या विक्रीवर सरकारी निर्बंध आहेत ते उगाच नाहीत. त्या कोठीशेजारी अंथरूण घालणारे लोक छतावरच्या काचेला घाबरतात!

पाणी काचेवरून वाहतं, धूळ नेतं, बस. रेडिएशनवर शब्द खर्च करत नाही.

गारांचं म्हणाल तर आयईसी ६१२१५ या मानकाच्या चाचणीत पॅनलवर २५ मिलिमीटरचे बर्फगोळे सेकंदाला २३ मीटर वेगाने मारतात. आपल्याकडे त्याहून मोठी गार पडते, तेव्हा काच तडकेलही. आणि हो, जोडकामात बरेचदा शिसं असतं, म्हणून फुटका पॅनल बांधावर टाकू नये, भंगारवाल्यालाही देऊ नये. ई-कचरा नियम २०२२ मध्ये सोलर पॅनल आहेत, जबाबदारी उत्पादकावर आहे. पण मामा, तडकलेला पॅनल उन्हात वीज बनवतच राहतो. ओल्या हाताने त्याला शिवू नका, बसवणाऱ्याला बोलवा. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नव्हतं.