एच-इंडेक्स वाढवायचाय? या की सोलापूरला

परवा पार्क चौकातनं येत होतो तर सिग्नलला हा भला मोठा फ्लेक्स. मला वाटलं कुणाचा तरी वाढदिवस असंल, आपल्याकडं फ्लेक्स म्हटलं की दुसरं काय असतंय. पण नाही. वर लिहिलेलं, 'आंतरराष्ट्रीय कीर्तीचे संशोधक डॉक्टरसाहेब यांनी एच-इंडेक्स 20 पार केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली शुभेच्छुकांचे तीसेक फोटो. त्यातल्या निम्म्यांना एच-इंडेक्स ही शुगरची टेस्ट वाटत असणार आणि 20 म्हणजे कंट्रोलमध्ये आहे का वाढलीय असं एकमेकाला विचारत असणार. डाव्या कोपऱ्यात डॉ. कोटणीसांचा फोटो, चीनच्या लढाईत जखमींवर उपचार करायला गेलेले आपल्या सोलापूरचे डॉक्टर. उजवीकडं साहेब, गॉगल लावून.

ह्या साहेबांचं एक टेबल मी केलंय. संशोधनाच्या पेपरातलं टेबल, म्हणजे आकड्यांचा तक्ता, सुताराचं नव्हे. मी स्टॅटिस्टिक्सवाला माणूस, पीजीच्या पोरांच्या थिसिसपासून मोठ्या डॉक्टरांच्या पेपरपर्यंत सगळ्यांची आकडेमोड करून देतो. त्यामुळं सिग्नल सुटेपर्यंत मी विचार केला की ज्या डॉक्टरांचा अजून फ्लेक्स लागला नाही त्यांना आपण जरा मार्गदर्शन करावं. फुकट करतोय, घ्या.

आधी एच-इंडेक्स म्हणजे काय ते समजून घ्या, म्हणजे सत्काराला उत्तर देताना अडचण नको. होर्खे हर्श म्हणून एक भौतिकशास्त्रज्ञ, त्यानं 2005 साली हे माप काढलं. तुमचे 20 पेपर असे पाहिजेत की प्रत्येकाचा निदान 20 वेळा दुसऱ्या पेपरांत उल्लेख झालाय, झाला एच 20. उल्लेख कुणी केला, कौतुकानं केला का 'हे साफ चुकीचं आहे' म्हणायला केला, हे मोजायचं नसतंय. तर पहिला सल्ला हा की आपली पाठ आपणच थोपटायची, हात पोचत नसंल तर मित्राला सांगायचं, मग त्याची आपण थोपटायची. ह्यालाच सायटेशन म्हणतात. जमणार नाही असं वाटत असंल तर अमेरिकेतल्या लॅरीकडं बघा. लॅरी हे मांजर आहे. 2024 ला दोन संशोधकांनी मुद्दाम बोगस पेपर तयार करून त्याच्या नावावर इंटरनेटवर टाकले, एकमेकांत उल्लेख पेरले, आणि गूगल स्कॉलरनं मांजराला 132 सायटेशन मोजून दिली. नंतर गूगलनं ती काढून टाकली हा भाग वेगळा. मांजराचा फ्लेक्स तेवढा लावायचा राहिला.

इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे एखाद्या मासिकातल्या पेपरांचा सरासरी किती वेळा उल्लेख होतोय तो आकडा, बायोडेटात आपल्या नावापुढं लिहायचा. तो मासिकाचा असतोय, आपला नसतोय, असं कुणी म्हणालं तर दुर्लक्ष करायचं. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलेला प्रत्येक माणूस हुतात्माच की.

'ग्रीटिंग्ज ऑफ द डे, एस्टीम्ड प्रोफेसर' अशी सुरुवात असलेला एकही मेल डिलीट करायचा नाही. फी घेऊन काहीही छापणाऱ्या मासिकांचे असतात ते.

कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला घाबरू नका. दुसऱ्याचा मजकूर शब्द बदलणाऱ्या मशीनमधनं काढायचा. फ्रान्समधल्या गिय्योम काबानाक नावाच्या प्राध्यापकानं 2021 ला साथीदारांसोबत असे पेपर शोधून काढले, त्यात ब्रेस्ट कॅन्सरचं चक्क 'बुझम पेरिल' झालं होतं, म्हणजे छातीवरचं संकट. आता हे वाचून पेशंट बरा होईल का नाही ते माहीत नाही, पण सॉफ्टवेअर गप बसतंय.

'जगातील टॉप 2 टक्के शास्त्रज्ञ' हा फ्लेक्स वेगळा लावायचा, त्याच फ्लेक्सवर दाटीवाटी करायची नाही. ती यादी स्टॅनफर्डचे प्राध्यापक आयोनिडिस आकडे काढून बनवतात, त्यात स्वतःचे स्वतः केलेले उल्लेख वगळून काय उरतंय तेही दाखवलेलं असतंय. ते आपण नाही छापायचं. आपण छापायचं, 'स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून निवड'. वर्तमानपत्रात बातमीही तशीच येते, फोन करून कोण विचारतंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ऑथर कुणाला करायचं. डॉक्टरी शिक्षणावर देखरेख करणाऱ्या एनएमसीनं 2022 च्या नियमात लिहिलं की प्रमोशनसाठी पेपर धरायचा तर नाव पहिल्या तिघांत पाहिजे, नाहीतर करस्पाँडिंग ऑथर, म्हणजे पेपरचा पत्रव्यवहार बघणारा, पाहिजे. तेव्हापासनं पहिल्या तीन जागांना मार्केट यार्डातल्या कांद्यासारखी बोली लागतेय. तर पहिल्या तिघांत कामाचा माणूस चुकूनही येऊ द्यायचा नाही. उदाहरण देतो. मागच्या एप्रिलमध्ये (सोलापूरचा एप्रिल, पुढं काय सांगायचं) एक पीजीची पोरगी, एक बीपीचं मशीन आणि मी असे तिघं विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, फिरत होतो. साहेबांचा विषय होता, बायका किती वर्षं विड्या वळतायत आणि त्यांचं ब्लड प्रेशर ह्यांचा काय संबंध. साहेब एसीत होते, ते बरोबरच आहे, विचार करायला थंड डोकं लागतंय. तिथं बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या, सुपात तंबाखू, कापलेली पानं, हात चालू, तोंडानं तेलुगूत आम्हाला काहीतरी नावं ठेवणं चालू. पैसे मिळतात हजार विड्यांच्या हिशेबानं. आणि बीपी नीट घ्यायचं तर आधी पाच मिनिटं शांत बसवायचं, मग दोनदा मोजायचं. म्हणजे तेवढा वेळ हात बंद. तेवढ्या वेळाच्या विड्या प्रत्येकीनं आपल्याला फुकट दिल्या, हे कुठल्या पेपरात फंडिंगच्या रकान्यात येत नाही. 137 बायका झाल्या. एका मावशीचं 190 वर 110 निघालं, पोरगी घाबरली, परत मोजलं तर तेवढंच, लगेच सिव्हिलला जावा म्हणून चिठ्ठी दिली. मावशी म्हणाली, "छापलेला रिपोर्ट द्या की ओ, नुसतं तोंडानं सांगून घरात कोण ऐकतंय." साहेबांनी सगळ्यांना रिपोर्ट कबूल केलेले होते, आम्ही तसं सांगूनच सह्या आणि अंगठे घेतलेले.

मी आकडे बसवले. पी व्हॅल्यू, म्हणजे संबंध नसताना नुसत्या योगायोगानं असे आकडे यायची शक्यता, आली 0.14. लागते 0.05 च्या खाली. म्हणजे संबंध आहे असं म्हणायला पुरावा पुरत नाही. ह्यात लाजण्यासारखं काय नव्हतं, तसं लिहायचं आणि मोकळं व्हायचं. साहेबांचा फोन आला, "अहो, पी व्हॅल्यू जरा सिग्निफिकंट आणा की." आणा की! जशी नव्या पेठेतनं शेंगाचटणी आणायचीय, अर्धा किलो. मी म्हणालो साहेब असं आणता येत नाही, तुम्ही सॅम्पल मोठं घ्यायला पाहिजे होतं.

घेतलं त्यांनी. झेरॉक्सवर.

पेपर छापून आला तेव्हा बायका 411. 137 गुणिले 3, हातावर करून बघा. सरासरी तीच, स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासनं किती पसरलेत ते माप, तेच, दशांशासकट. टक्केवारी तीच. नुसती माणसं तिप्पट केली की 0.14 चा 0.01 होतोय, ते झालंच. पहिले ऑथर साहेब. दुसरी साहेबांची सून, जी स्किनची डॉक्टर आहे आणि जिनं विडी घरकुल बसच्या खिडकीतनंही बघितलं नसंल. तिसरे पुण्याचे मित्र, पाठ थोपटण्यातले. पोरगी पाचवी. मी शेवटी आभारात, नाव चुकवून. सहा महिन्यांत 14 सायटेशन, त्यातली 9 साहेबांचीच. मी मासिकाच्या संपादकांना मेल लिहिला, दोन्ही टेबलं जोडली. उत्तर आलं, ग्रीटिंग्ज ऑफ द डे, पुढच्या अंकासाठी आपला पेपर पाठवा, फीमध्ये 20 टक्के सवलत.

तुम्ही म्हणाल, जाऊ द्या ओ, कागदच आहे, कुणाचं काय बिघडलं. जर्मनीत योआखिम बोल्ट म्हणून भूलतज्ज्ञ होता. हायड्रॉक्सीएथिल स्टार्च नावाचं द्रव सीरियस पेशंटच्या शिरेतनं द्यायचे, ते सेफ आहे असं त्याचे पेपर सांगायचे, जगभर त्याचे उल्लेख व्हायचे. मग 2010 च्या सुमारास बिंग फुटलं, शंभराच्या वर पेपर मागं घ्यावे लागले. 2013 ला त्याचे पेपर बाजूला ठेवून बाकीच्यांची बेरीज मांडली तर दिसलं, त्या द्रवानं मृत्यू वाढतायत, किडन्या जातायत. तोपर्यंत ते किती आयसीयूत लावलं असंल? त्याचाही एच-इंडेक्स चांगलाच असणार की.

पुढचा सल्ला होता, राहू दे. साहेब, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे, तुमचं नाव कुठं आलंय का हे तुम्ही रोज शोधता. तुम्ही चोरी केलीय. नावाची केली ते सोडा, माझं नाव कुठं छापून येण्यावाचून अडलंय. त्या 274 बायका तुम्ही जन्माला घातल्या आणि ज्या 137 खऱ्या होत्या त्यांना एक कागद दिला नाही. आणि शुभेच्छुकहो, फोटो देताना एकदा तरी विचारा हा माणूस कशाबद्दल हार घालून घेतोय. कोटणीस 1938 ला चीनला गेले, 1942 ला तिथंच वारले, वय 32. त्यांच्या शेजारी बसायला चौरस फुटाचा भाव भरला की झालं, एवढी स्वस्त केलीय तुम्ही ती जागा. मीही साळसूद नाही. मी त्या टेबलाचे पैसे घेतलेत आणि पेपर आल्यावर महिनाभर गप बसलो, कारण साहेबांच्या ओळखीनं कामं येतात. त्या पोरीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "सर, हे 411 कुठनं आले?" मी म्हणालो, तुझी परीक्षा होऊ दे.

जुनी शीट माझ्याकडं होती. 137 रिपोर्ट काढलेत, दोन रुपये पान, मराठीत आणि तेलुगूत. रविवारी सकाळी आठला विडी घरकुलात वाटायला चाललोय, पोरगी पण येतेय, पहिलं घर 190 वाल्या मावशीचं. साहेब, यायचं असंल तर या. गॉगल राहू द्या, ऊन लई असतंय. फोटोवाला आणू नका.