मनगटाचा झटका

परवा माळा आवरताना एका खोक्यात आमचा जुना वी सापडला. निन्तेंदो कंपनीचा, टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचा वी. मुळात पांढराशुभ्र, आता पिवळट पडलेला. बारा वर्षांच्या चिरंजिवांनी उलटासुलटा करून विचारलं, "आई, हा राउटर आहे का?" तेव्हापासून जे डोक्यात घोळतंय ते लिहून टाकते. लांबलं तर सांभाळून घ्या.

हा प्रकार अमेरिकेत आला 2006च्या नोव्हेंबरात. त्याच आठवड्यात सोनीचं प्लेस्टेशन 3 आलं, पाचशे आणि सहाशे डॉलरला. वी अडीचशेला. चित्र त्या मानाने यथातथाच, एचडी वगैरे भानगड नाही. पण रिमोट हातात धरून हात फिरवला की पडद्यावरची रॅकेट फिरायची. निन्तेंदोचे तेव्हाचे प्रमुख सातोरू इवाता यांनी त्याला 'रिमोट'च म्हणायचं असा हट्ट धरला होता. माझ्या मते अर्धी लढाई त्यांनी तिथेच जिंकली. इतर गेमचा तो दोन्ही हातांत धरायचा, बटणांनी भरलेला ठोकळा बघून आमचे बाबा जन्मात पुढे आले नसते. टीव्हीचा रिमोट मात्र त्यांच्या हातून कोणी काढून घेऊन दाखवावा!

आई-बाबा आमच्याकडे न्यू जर्सीला आले 2009च्या नोव्हेंबरात. थंडीत बोलावलं, चूक आमचीच. चार दिवसांत बाबांचं वर्तमानपत्रावाचून, फिरण्यावाचून, कोपऱ्यावरच्या कट्ट्यावाचून अडायला लागलं. बाहेर बर्फ, आत हीटर, आणि सोफ्यावर बँकेतून निवृत्त झालेला माणूस खिडकीतून गाड्या मोजतोय. नवऱ्याने एका संध्याकाळी रिमोट त्यांच्या हातात दिला, मनगटात पट्टा अडकवला आणि म्हणाला, "बाबा, बोलिंग करा."

बाबांनी बोलिंग केली. दोन पावलं मागे, छोटासा रनअप आणि खांद्यावरून हात. क्रिकेटची! खेळ होता चेंडू घरंगळत सोडून समोरच्या पिना पाडायचा. त्यात खालचं बटण भलत्याच वेळी सुटलं आणि पडद्यावर चेंडू पुढे जायच्या ऐवजी मागे पडला. मागे उभ्या असलेल्या त्या गोल डोक्यांच्या बाहुल्या दचकून टुणकन उडाल्या. आई पोळ्या टाकून बाहेर आली होती, ती हसून हसून खाली बसली. तव्यावरची पोळी गेली.

तर माझं म्हणणं असं. वीबद्दल लिहिणारे लोक "त्याने एका पिढीला सोफ्यावरून उठवलं, हालचाल करायला लावलं" वगैरे लिहितात. मला ते पटत नाही. हालचाल हे निमित्त होतं. खरी गंमत ही होती की ज्याला येतं आणि ज्याला येत नाही ते दोघं एकाच खेळात उतरू शकत होते, आणि न येणाऱ्याला बघायला जास्त मजा यायची. दुसऱ्याला बटणं दाबताना किती वेळ बघणार? पण आई बॉक्सिंग करतेय म्हटल्यावर शेजारचे तेलुगू कुटुंबसुद्धा चहाला थांबायचं. तिकडच्या वृद्धाश्रमांतून वीवर बोलिंगच्या स्पर्धा भरायच्या, त्यामागेही मला हेच दिसतं. आमच्या घरातल्या पोरांनी मोठी माणसं एखाद्या गोष्टीत साफ ढ आहेत आणि त्यांना त्याची काही लाज नाही, हे पहिल्यांदा पाहिलं ते तिथे.

(पट्ट्याची गोष्ट राहिली. सुरुवातीला लोकांनी इतक्या जोशात हात फिरवले की रिमोट सुटून टीव्ही फुटले. कंपनीला 32 लाख पट्टे बदलून द्यायची तयारी ठेवावी लागली. आमचा एक कंदील फुटला, टीव्ही वाचला.)

मग हे सगळं विरलं कशाने? सगळे मोबाइलला दोष देतात. मी जाऊबाईंच्या नऊ वर्षांच्या लेकाला देते. ख्रिसमसच्या सुट्टीत आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं की टेनिसला अख्खा हात लागतच नाही. रिमोटच्या आतल्या चिपला कळतो फक्त झटका. तो खांद्यातून आला की मनगटातून, हे पहिल्या रिमोटला नीट ओळखताच येत नव्हतं. मग पठ्ठ्या सोफ्यावर लोळून, एका हाताने चकली खात, मनगटाच्या झटक्यावर आम्हा सगळ्यांना हरवायला लागला. चार दिवसांत आम्हीही लोळायला लागलो. आठवड्याने रिमोट कपाटावर गेला. तुमच्याही घरी हेच झालं असणार, खरं सांगा.

बाबा तेवढे बधले नाहीत. "आजोबा, एवढं नका हलवू, नुसतं असं करा," पोरगं शिकवत होतं. बाबा म्हणाले, "असं टाकल्यावर बॉल तिथपर्यंत जाईल कसा?"

पुढे 2010मध्ये मायक्रोसॉफ्टचं किनेक्ट आलं. हातात काहीच नको, कॅमेराच तुम्हाला बघणार. पहिल्या 60 दिवसांत 80 लाख खपले. ठाण्याला नणंदेकडे आलं, तेव्हा कळलं की समोर निदान सहा फूट मोकळी जागा पाहिजे. ठाण्यातल्या वन बीएचकेत! दिवाण उभा करून ठेवायचा, खेळायचं, मग जेवायला परत आडवा. दोन रविवार टिकलं. 2017मध्ये किनेक्टचं उत्पादनच थांबलं. वी दहा कोटींवर खपला होता, पण त्याच्या पाठचा वी यू दीड कोटीही गाठू शकला नाही. ज्या आज्या-आजोबांनी तो पहिला आकडा फुगवला, त्यांना हा धंदा पुढे 'कॅज्युअल' म्हणून नाकं मुरडत राहिला. याचा मला अजून राग आहे.

असो. माळ्यावरचा वी परवा पुण्यात चालू करायचा घाट घातला. अडाप्टर 110 व्होल्टचा, मी विसरून सरळ भिंतीत खुपसणार होते. नवऱ्याने हात धरला, मिक्सरचा जुना ट्रान्सफॉर्मर शोधला. रिमोटमधले सेल गळले होते, खडूने घासून हिरवा थर काढला. आणि टीव्हीखाली ठेवायच्या पट्टीची वायर उंदराने कुरतडलेली! ती पट्टी नसेल तर रिमोटला पडदा कुठे ते कळत नाही.

पण ती पट्टी म्हणजे नावालाच सेन्सर. तिच्यात असतात फक्त दोन बाजूंना अवरक्त प्रकाशाचे दिवे, बघण्याचं काम रिमोटच्या टोकावरचा कॅमेरा करतो. दोन मेणबत्त्यांवरही भागतं. मेणबत्त्या नव्हत्या. मग आईच्या देवघरातली दोन निरांजनं आणली, टीव्हीपुढे वीतभर अंतरावर लावली. पडद्यावर तो छोटा पांढरा हात थरथरत उगवला. चिरंजीव "हे कसं काय?" म्हणून फुंकर मारायला निघाले, त्यांना आवरलं.

खेळाडूंच्या यादीत बाबांसारखी बनवलेली बाहुली होती तशीच, चष्मा आणि जाड मिशीसकट. खऱ्या बाबांची मिशी आता पांढरी झालीय. त्यांनी काठी खुर्चीला टेकवली, मनगटात पट्टा घातला, दोन पावलं मागे गेले. तिसऱ्या फ्रेमला स्ट्राइक, एका चेंडूत सगळ्या पिना आडव्या.

तेवढ्यात आई आली. "सात वाजले," म्हणाली, आणि दोन्ही निरांजनं उचलून देवघरात घेऊन गेली.