एकूण काम शून्य

काल जिन्याच्या आठव्या पायरीवरून पडलो. एकटा नाही, सोयाबीनच्या 50 किलोच्या कट्ट्यासकट.

कट्टा माडीवर कशाला नेत होतो? 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये. व्यापाऱ्यानं कट्ट्यात हात घातला, ओलावा 12 टक्क्यांच्या वर आहे म्हणाला आणि 3900 सांगितले. म्हटलं, भाव चढेल तेव्हा चढेल, तोवर आपण कट्टे चढवून ठेवू.

शेजारचा अकरावीतला पोट्टा ओट्यावर वही घेऊन बसला होता. धावत आला. वाटलं, हात देईल.

"काकाजी, एक पायरी केवढी?"

"अबे, उचल ना मले!"

"वीस सेंटिमीटर धरतो. आठ पायऱ्या म्हंजे 1.6 मीटर. तुमचं वजन?"

मी गप्प. चुलीपासून हिचा आवाज आला, "नव्वद! लिही रे बाप्पा, नव्वद!"

पोट्ट्यानं 90 मध्ये 50 मिळवले, 9.8 नं गुणलं, 1.6 नं गुणलं. मी तोवर कट्ट्याखालून पाय सोडवून घेत होतो.

"चढतानी गुरुत्वाकर्षणाचं काम उणे 2195 ज्यूल, पडतानी अधिक 2195. एकूण शून्य! म्हंजे काहीच झालं नाई, काकाजी."

"अन् हे गुडघा फुटला तो?"

"तो ह्या गणितात नाई येत. तुमी सरके चढा, तिरपे चढा, गडगडत या, फक्त उंची पाहाची."

"बंडीपासून जिन्यापर्यंत डोक्यावर आणला, त्याचं?"

"आडवं चाललं तं शून्यच."

हे त्यानं जरा बाजार समितीत येऊन सांगावं. तिथं कट्टा ढेरापासून काट्यापर्यंत आडवाच जातो, तरी हिशेबपट्टीत हमाली कापलेली असते. बरं, ती हमालाच्या हातात किती पडते तेही मी पाहिलं आहे. तोलाई वेगळी. ओलाव्याची घट वेगळी. आमच्याकडून कापायचं असलं की कोणाचंच उत्तर शून्य येत नाही.

कट्टा जिन्याखालीच आहे. एक कोपरा उसवला, तिथं सकाळपासून कोंबड्या जमल्यात. पोट्टा शिकवणीला जाता जाता सांगून गेला की आता कट्ट्याची स्थितिज ऊर्जाही शून्य.

आणि माझं वजन 88 आहे. नव्वद नाही. मी त्याला वही आणून दुरुस्त कर म्हटलं, तर म्हणतो, "राहू द्या काकाजी, उत्तर तेच येते."