बटण दाबण्याची पूर्वतयारी

अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या जानेवारीत सकाळी गाडी गरम करायला बाहेर कोणी जायचं, यावरून आमच्या घरात जेवढा वाद झाला, तेवढ्यात एखाद्या सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त झालं असतं. बाहेर उणे 20, इंजिनातलं तेल घट्ट, आणि बॅटरी कण्हत कण्हत कसाबसा हुंकार देणार. यावर इथला उपाय म्हणजे रिमोट स्टार्टर. घरात बसून बटण दाबायचं, चहा संपेपर्यंत गाडी आतून उबदार.

बसवून देण्याची मजुरी ऐकली आणि माझ्यातला इंजिनिअर खडबडून जागा झाला. मी सॉफ्टवेअरवाला खरा, पण पदवी इलेक्ट्रॉनिक्सची आहे. ती कधीतरी वसूल नको व्हायला?

खोकं आलं. डायनिंग टेबलावर उपडं केलं तर काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एक डबी आणि तिला फुटलेल्या वायरीच वायरी. तेव्हापासून आम्ही सोफ्यावर जेवतो.

किल्ली फिरवण्याचं साधं काम यंत्राकडून करून घ्यायचं, तर किल्ली नेमकं काय करते हे आधी कळायला लागतं. स्टीअरिंगखालचं कव्हर काढलं की किल्लीमागे जाड वायरींचा जुडगा दिसतो. त्यातली बारा व्होल्टची एक कायम जिवंत. एक फक्त इंजिन फिरवताना जिवंत, ती स्टार्टरची. उरलेल्या दोघी जुळ्या बहिणी: किल्ली ऑन केली की दोन्ही बारा व्होल्ट दाखवतात. पण स्टार्टर फिरताना इग्निशनची, म्हणजे इंजिन चालू ठेवणारी, वायर बारा व्होल्टवरून हलत नाही आणि ॲक्सेसरीची, म्हणजे रेडिओ वगैरेची, शून्यावर जाते. ऐन कामाच्या वेळी अंग काढून घेणारी ती ॲक्सेसरी, हे मी ऑफिसातल्या अनुभवावरून पाठ केलं.

बाबांना सांगलीला फोन केला. ते म्हणाले, "टेस्टर लाव. दिवा लागला की ती वायर." त्यांचा तो निऑनचा टेस्टर घरातल्या 230 व्होल्टवर पेटतो, बारा व्होल्टला तो ढिम्म. शिवाय साधा बल्बवाला टेस्टर भलत्या वायरीला लागला तर गाडीतल्या कॉम्प्युटरचा निकाल लागू शकतो, म्हणून व्होल्टचा आकडा दाखवणारा मल्टिमीटरच घ्यायचा. बाबांना हे पटलं नाही. त्यांनी आमचं इथलं वायरिंगच कच्चं ठरवलं.

पिवळ्या वेष्टनातल्या वायरी एअरबॅगच्या. तिकडे बोटसुद्धा न्यायचं नाही, नाहीतर ती छातीवर फुटायची. म्हणून काम करताना बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवायची. आणि बॅटरी काढली की मल्टिमीटर दाखवणार काय? शून्य. सगळ्या वायरी सारख्याच निरागस. म्हणजे आधी बॅटरी लावून ओळखपरेड, प्रत्येकीला चिठ्ठी, मग बॅटरी काढून जोडणी.

त्यात किल्लीत चिप असते. ती जवळ नसेल तर गाडी चालू व्हायला साफ नकार देते. तिची समजूत काढायला आणखी एक वेगळी डबी लागते. थोडक्यात, गाडीचोराचा अख्खा अभ्यासक्रम आपण स्वतःच्या गाडीवर, रीतसर पावती घेऊन पूर्ण करायचा. बॉनेट उघडं असताना इंजिन चालू होऊ नये म्हणून तिथे एक स्विच बसवायचा, ब्रेक दाबताच सगळं बंद व्हावं म्हणून तिथून एक वायर आणायची. यात मात्र कंजुषी नको. पंख्यात बोटं गेल्यावर पदवीचा उपयोग नाही.

"मग करतोस कधी?" बायकोने विचारलं.

अडचण थंडीची होती. आमच्या गॅरेजला हीटर नाही. थंडीत डॅशबोर्डच्या प्लास्टिकच्या क्लिपा ओढल्या की कडाकडा तुटतात, वायरी ताठ होतात, आणि हातमोजे घालून सोल्डरिंग करणारा माणूस अजून जन्मायचा आहे. दार लावून इंजिन चालवून बघावं, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. म्हणजे सकाळची दहा मिनिटांची थंडी टाळण्यासाठी अख्खा शनिवार, दार सताड उघडं टाकून, स्टीअरिंगखाली उताणं पडायचं.

"मे महिन्यात करू," मी म्हणालो.

रविवारी नागपूरच्या मेहुण्याचा व्हिडिओ कॉल आला. नवी गाडी दाखवत होता. मे महिन्यात सीट तव्यासारखी तापते, तर आता हा गादीवर लोळत मोबाइलवरून गाडी चालू करणार, एसी लावणार आणि गार झाल्यावर खाली उतरणार. सगळं कंपनीनेच आतून बसवून दिलेलं. त्याने एकही वायर पाहिलेली नाही.

"तुमच्याकडं अमेरिकेत हे नाही भेटत का, भाऊजी?"

मी इग्निशन आणि ॲक्सेसरीतला फरक समजावून सांगणार, तोच बायको पलीकडून म्हणाली, "भेटते ना. डायनिंग टेबलावर ठेवलं आहे."